बाल्ड ईगलच्या पायातलं कडं: न्यू जर्सीतल्या एका घरट्याचा हंगाम

'बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या मासेखाऊ गरुडाच्या पिल्लांना कडी घालताना तू तिथे होतीस म्हणे? आम्हालाही जाता येईल का?' असं ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं. कडं म्हणजे पक्षी पुढे ओळखता यावा म्हणून पायात बसवलेला क्रमांकाचा पट्टा. फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते आहे. जाता येतं. पण ती सकाळ उजाडायला माझे सप्टेंबर २०२३ ते मे २०२४ इतके महिने गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ लांबून एका घरट्याकडे बघत बसण्यात आणि बघितलेलं लिहून काढण्यात गेला. कडं घालणं हे त्या बघण्याच्या जोरावरच होतं. ते आधी कळलं असतं तर सुरुवातीचे महिने मी कमी अस्वस्थ राहिले असते.

मी मूळची चिपळूणची, आता अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एडिसनजवळ राहते. विमा कंपनीत डेटाचं काम करते. पक्षी बघायची आवड जुनी आहे, पण प्राणीशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. ती लागतही नाही.

इथे राज्याचा वन्यजीव विभाग आणि कन्झर्व्ह वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था मिळून बाल्ड ईगलच्या घरट्यांवर लक्ष ठेवतात, आणि रोजचं बघण्याचं काम स्वयंसेवक करतात. सप्टेंबरात मी ईमेल पाठवला. एक फॉर्म आला: कुठे राहता, किती लांब गाडी चालवायची तयारी आहे, दुर्बीण कोणती, आठवड्यातून किती वेळ देता येईल. सोबत जबाबदारीचा कागद, म्हणजे काही इजा झाली तर ती आपल्या जोखमीवर. फी नाही. उत्तर आलं की बहुतेक घरट्यांना आधीपासून माणसं आहेत, जागा झाली की कळवू. स्वयंसेवक वर्षानुवर्षं तेच घरटं सांभाळतात, सहसा सोडत नाहीत, त्यामुळे थांबावं लागतं. अर्ज करताना 'अमुकच भागात हवं' असा हट्ट धरू नका. मी पाऊण तासाचं अंतर चालेल असं लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला.

वाट बघण्याच्या काळात दोन गोष्टी केल्या. ड्यूक फार्म्स या इथल्या निसर्गकेंद्रातल्या घरट्यावर कॅमेरा लावलेला आहे आणि जुन्या हंगामांचं चित्रणही बघायला मिळतं. ते मी स्वयंपाक करताना लावून ठेवायचे. अंड्यावर बसलेली मादी कशी दिसते आणि नुसती घरट्यात उभी असलेली कशी दिसते, हा फरक तिथे डोळ्यांत बसला. दुसरं म्हणजे पुस्तकं आणि कायदा वाचला. १९४० च्या कायद्याने या पक्ष्याला, त्याच्या अंड्याला, घरट्याला हात लावायला बंदी आहे. खाली पडलेलं पीससुद्धा उचलून घरी नेता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभराची कैद होऊ शकते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी त्यांना नीट समजावून सांगा, कारण पीस दिसलं की मुलाचा हात आपोआप जातो.

डिसेंबरात घरटं मिळालं. रॅरिटन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी, खाजगी शेतातल्या सायकॅमोरच्या झाडावर. याहून जास्त पत्ता मी इथे देणार नाही, आणि तुम्हाला घरटं मिळालं तर तुम्हीही देऊ नका. समाजमाध्यमावर एक फोटो गेला की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

आधी हे घरटं ज्यांच्याकडे होतं त्या निवृत्त शिक्षिका आहेत. गुडघ्यांमुळे थंडीत उभं राहणं जमेना म्हणून त्यांनी सोडलं. पहिल्या दिवशी त्या स्वतः आल्या, उभं राहायची जागा दाखवली आणि एक वही हातात दिली. अनेक हंगामांच्या तारखा, वारा, कोणत्या फांदीवर नर बसतो, सगळं त्यात होतं. त्यांनी एकच ताकीद दिली: "तू बघते आहेस हे त्यांना कळता कामा नये." झाडापासून निदान हजार फूट लांब थांबायचं. पक्षी मान वर करून आपल्याकडेच बघायला लागला, ओरडायला लागला, तर आणखी मागे सरकायचं.

हजार फुटांवरून साध्या दुर्बिणीत काही दिसत नाही. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एका डोळ्याची ताकदवान दुर्बीण लागते. मी ४५० डॉलरचा घेतला, तिवई १३० डॉलरची. तिवईवर पैसे वाचवू नका, वाऱ्यात हलणाऱ्या तिवईवर महागडा स्कोपही निरुपयोगी ठरतो. बाकी खर्च पेट्रोलचा. थंडीचे बूट होतेच.

जानेवारीत ऑनलाइन प्रशिक्षण झालं. त्यात दाखवलेला इतिहास ऐकून मी बराच वेळ गप्प होते. १९७० च्या दशकात अख्ख्या न्यू जर्सीत बाल्ड ईगलचं एकच घरटं उरलं होतं, दक्षिणेकडे कंबरलंड काउंटीतल्या बेअर स्वॉम्पमध्ये. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून गरुडांच्या शरीरात जायचं, अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं की उबवताना ते आईच्याच वजनाने फुटायचं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पण त्या शेवटच्या जोडीच्या शरीरातलं विष काही गेलं नाही. मग जीवशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये अंडं काढून कृत्रिमरीत्या उबवलं आणि पिल्लू परत घरट्यात नेऊन ठेवलं. पुढच्या काही वर्षांत कॅनडातून ६० पिल्लं आणून इथे वाढवली, सोडली. आज राज्यात अडीचशेहून जास्त घरट्यांत अंडी घातली जातात. हे सगळं माझ्या हयातीत घडलं आहे.

संक्रांतीच्या सुमारास जोडी घरट्यात काटक्या आणून रचत होती. फेब्रुवारीत बघण्याला खरी सुरुवात झाली. ४ फेब्रुवारीला दोघं घरट्यात उभी होती. ११ फेब्रुवारीच्या रविवारी एकच डोकं दिसलं, तेही काठाच्या जेमतेम वर. मादी सपाट बसली होती. तासाभराने नर आला, ती उठली, तो हळूच सरकत, पंजे मिटून आत शिरला आणि तसाच सपाट बसला. ही अदलाबदल दिसली की खात्री धरायची: अंडी आहेत. पंजे मिटून घेणं माझ्या स्कोपमध्ये मला स्पष्ट दिसलं. ज्या नखांनी तो मासा आरपार धरतो तीच नखं अंड्याला लागू नयेत म्हणून तो मुठी वळून चालत होता.

उबवण साधारण ३५ दिवसांची. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. एकदा बर्फाचा मारा झाला, मादीच्या पाठीवर पांढरा थर साचला आणि ती तशीच बसून राहिली. चिपळूणला आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, तिला काय सांगायला हवं का?"

१६ मार्चला नराने मासा आणला. मादी मागे सरकून काठावर उभी राहिली, मान खाली घालून इतके बारीक तुकडे तोडू लागली की ते तिच्या स्वतःसाठी नव्हते हे उघड होतं. पिल्लू दिसलं नाही, दिसणारही नव्हतं, पण या खालच्या मानेवरून नोंद करता येते. मी 'पिल्लू बाहेर, अंदाजे १४ मार्च' असं लिहिलं. प्रत्येक भेटीनंतर ऑनलाइन नोंद भरायची असते: वेळ, हवा, कोण काय करत होतं, आणि अंदाज कशावरून केला. हे 'कशावरून' फार महत्त्वाचं आहे. नुसतं 'पिल्लू बाहेर' लिहिलं तर त्यावर कुणाला पुढचं काही ठरवता येत नाही.

कारण कडं घालायला खिडकी फार लहान असते. पिल्लू पाच आठवड्यांच्या आत असेल तर पाय पुरेसा भरलेला नसतो. आठ आठवड्यांच्या पुढे गेलं तर झाडावर माणूस चढताना बघून ते घाबरून उडी टाकू शकतं, आणि तेव्हा त्याला उडता येत नसतं. म्हणजे सगळं गणित स्वयंसेवकाने दिलेल्या तारखेवर. एप्रिलच्या मध्यावर मला ईमेल आला: यंदा तुमचं घरटं विचारात आहे, तारीख किती खात्रीची आहे? मी वहीतल्या नोंदी पुन्हा तपासून, पिल्लांच्या अंगावर काळी पिसं कधी डोकावली तेही लिहून पाठवलं.

सगळ्या घरट्यांत कडी घालत नाहीत, निवडक ठिकाणीच घालतात. झाड जिवंत आणि चढायला सुरक्षित हवं, जमीनमालकाची परवानगी हवी, वय बसायला हवं, हवा कोरडी हवी. आमच्या शेतमालकांनी लगेच होकार दिला. पहिली तारीख पावसामुळे रद्द झाली. पिल्लं ओली होऊन गारठू नयेत म्हणून पावसात हे करतच नाहीत. नवी तारीख ठरली २ मे, गुरुवार. मी रजा टाकली.

इथे परवान्याबद्दल सांगते, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्यावर येतात. कडं घालायचा हक्क संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा परवाना असलेल्या माणसालाच असतो. हे काम मेरीलँडमधली बर्ड बँडिंग लॅबोरेटरी बघते, १९२० पासून. परवान्याला आणि कड्यांना पैसे पडत नाहीत. पण अनुभव दाखवावा लागतो, तीन जाणकारांची शिफारस लागते, रंगीत कड्यांसाठी वेगळी मंजुरी, गरुडांसाठी वेगळी, शिवाय राज्याची परवानगी निराळी. शिकणाऱ्याला मुख्य परवानाधारकाच्या हाताखाली उप-परवाना मिळू शकतो. माझ्यासारख्या स्वयंसेवकाकडे यातलं काही नसतं. मी तिथे होते ती आकडे लिहून घ्यायला.

सकाळी आठला सगळे जमलो. बर्ड फ्लूची भीती असल्याने हातमोजे, मास्क, बुटांना जंतुनाशक. चढणारा माणूस दोर टाकून पाऊण झाड चढला तेव्हा दोन्ही मोठे गरुड हवेत उठले आणि वर घिरट्या घालत ओरडू लागले. सिनेमात ऐकू येते तशी ती किंकाळी नसते, बारीक, तुटक किलबिल असते. माझ्या पोटात कालवाकालव झाली. ते घरटं सोडून जातील का, हे मी जीवशास्त्रज्ञ बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, सात आठवडे मासे भरवल्यावर हे आईबाप इतक्यात सोडत नाहीत. तासाच्या आत आपण निघालेलो असू.

कापडी पिशवी दोराने खाली आली. आतून जड, गरम काहीतरी हललं. पिशवी उघडल्यावर आधी वास आला, माशाचा आणि ओल्या पिसांचा. मग पाय दिसले. सात आठवड्यांच्या पिल्लाचे पाय जवळजवळ मोठ्या गरुडाएवढेच असतात, पिवळेधमक, तळव्याला खरखरीत बारीक काट्यांसारखे उंचवटे, मासा निसटू नये म्हणून. चोच काळी. अंगावर गडद तपकिरी पिसं आणि मधून मधून राखाडी लव अजून चिकटलेली. डोळ्यांवर टोपी चढवली तसं ते शांत झालं, फक्त गळ्याखालची भरलेली पिशवी वरखाली होत राहिली. सकाळीच जेवलं होतं.

मग मोजमापं. चोचीची उंची, मागच्या नखाची लांबी, पायाची जाडी, पंखातलं आठवं मोठं पीस, वजन. पिसावरून वय काढतात, चोच आणि नखावरून नर की मादी. माद्या अंगाने मोठ्या असतात. पहिलं पिल्लू बहुधा मादी, दुसरं नर असा अंदाज निघाला. पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं, शिसं आणि पारा तपासायला. शिकाऱ्याने मारलेल्या जनावराच्या अवशेषांत शिशाच्या गोळ्यांचे कण राहतात, गरुड ते खातात आणि त्यांना विषबाधा होते. आजही त्यांच्या मरणाचं ते एक मोठं कारण आहे.

एका पायात संघीय कडं, चंदेरी, त्यावर क्रमांक. दुसऱ्या पायात न्यू जर्सीचं हिरवं कडं, त्यावर एक अक्षर आणि आकडे, स्कोपमधून वाचता येतील एवढे मोठे. न्यूयॉर्कची कडी निळी असतात, चेसापीक उपसागराकडची जांभळी. गरुडाचं कडं नुसतं वळवून बसवत नाहीत, रिव्हेट ठोकून बंद करतात, कारण त्याची चोच साधं कडं उघडू शकते. कडं पायावर सैल फिरतं का, सांध्यावरून घसरत नाही ना, हे बोटाने दोनदा बघितलं. मग क्रमांक मोठ्याने वाचला. मी लिहिला, परत वाचून दाखवला, तिसऱ्या माणसाने कागद आणि कडं ताडून बघितलं. दोन्ही पिल्लांच्या वेळी तसंच केलं. डेटाच्या कामात जन्म गेल्यामुळे ही पद्धत मला मनापासून आवडली. इथे एक आकडा चुकला तर तो पक्षी पुढे आयुष्यभर दुसराच कुणीतरी ठरतो. आणि ते आयुष्य लांबलचक असू शकतं. १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कडं घातलेला एक बाल्ड ईगल २०१५ मध्ये रस्त्यावर गाडीखाली सापडला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. कडं नसतं तर हा पक्षी इतका जगतो हे कुणाला कळलं असतं?

ट्रान्समीटर का नाही लावला, असं शेतमालकांच्या नातीने विचारलं. काही पिल्लांना लावतात. पाठीवर दप्तरासारखा, सौरऊर्जेवर चालणारा, मोबाइलच्या जाळ्यातून ठिकाण पाठवणारा. पण तो महाग असतो, वजन पक्ष्याला झेपेल इतकंच ठेवावं लागतं, आणि विशिष्ट प्रश्नाचं उत्तर हवं असेल तेव्हाच लावतात. कड्याला बॅटरी नसते, ते पक्ष्याइतकंच टिकतं. फक्त कुणीतरी बघून कळवायला हवं.

पिल्लं परत वर गेली. आम्ही सामान आवरून निघालो. मी लांबच्या माझ्या जागी जाऊन स्कोप लावला. दुपारी नर मासा घेऊन घरट्यात उतरला तेव्हा मी रडले, आणि मग त्या शिक्षिकाबाईंना फोन केला.

पुढचा महिना कठीण. मेच्या मध्यानंतर सायकॅमोर पानांनी भरतो आणि घरटं दिसेनासं होतं. कान आणि येणाऱ्या माशांवर भिस्त ठेवायची. याच काळात गोचिड्या फार असतात आणि इथे त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा, फिकट कपडे घाला, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत तपासा. ८ जूनला एक पिल्लू घरट्याच्या वरच्या फांदीवरून सुटलं आणि धडपडत शेजारच्या झाडावर उतरलं. हिरवं कडं उन्हात दिसलं. पुढच्या आठवड्यात दुसरंही बाहेर होतं. जुलैत शेवटची नोंद भरली आणि हंगाम संपला.

नोव्हेंबरात मेरीलँडमधल्या कॉनोविंगो धरणावर गेलो. सस्क्वेहाना नदीवर धरणाखाली मासे मिळतात म्हणून तिथे त्या दिवसांत शेकड्यांनी बाल्ड ईगल जमतात. फोटोवाल्यांची गर्दी असते, सकाळी सातच्या आत पोचा नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. पांढऱ्या डोक्याच्या एका पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पायात हिरवं कडं दिसलं. पाय पिसांत लपलेला, तो फांदी बदलेपर्यंत वाट बघितली. फोटोंचा सपाटा लावला आणि घरी आल्यावर मोठे करून वाचलं. कळवायची सोय बर्ड बँडिंग लॅबोरेटरीच्या संकेतस्थळावर आहे. तारीख, जागा, कडं कोणत्या पायात, रंग, अक्षर आडवं की उभं, सगळं विचारतात. काही आठवड्यांनी ईमेलने एक प्रमाणपत्र येतं, त्यात तो पक्षी कुठे आणि कोणत्या वर्षी कडं घालून सोडला ते लिहिलेलं असतं. माझा पक्षी दक्षिण न्यू जर्सीतल्या घरट्यातला निघाला. त्याच्याही घरट्याची तारीख कुणीतरी थंडीत उभं राहून लिहिलेली असणार.

जानेवारी २०२५ मध्ये राज्याने बाल्ड ईगलला धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर काढलं. संघीय यादीतून तो २००७ मध्येच निघाला होता. १९४० चा कायदा लागू आहेच, त्यामुळे घरट्याला हात लावायची मुभा कुणाला मिळालेली नाही. आनंदाची गोष्ट आहे, पण यादीतून निघालेल्या पक्ष्याकडे लक्ष द्यायला माणसं कमी होतात, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणूनही लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे कडी घालण्याचं काम प्रामुख्याने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी करते आणि शिकारी पक्ष्यांना हात लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. पायात कडं असलेला पक्षी जखमी किंवा मेलेला सापडला तर क्रमांकाचा फोटो काढून वनविभागाला आणि सोसायटीला कळवा. कोकण किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड याच बाल्ड ईगलच्या कुळातला आहे. त्याची घरटी गावाला माहीत असतात. कधी बसला, कधी पिल्लू दिसलं, एवढं तारखेसह वहीत लिहायला कुठल्याही परवान्याची गरज नाही, लांबून बघितलं म्हणजे झालं.

आमच्या दोन पिल्लांची कडी अजून कुणी वाचलेली नाहीत. पहिली काही वर्षं ती लांब लांब भटकतात, उत्तरेकडच्या मेन राज्यापर्यंत, कॅनडातही जातात. डोकं पांढरं व्हायला पाच वर्षं लागतात, तोवर ती तपकिरीच दिसतील. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कुठेही तपकिरी किंवा पांढऱ्या डोक्याचा गरुड दिसला तर आधी पायाकडे बघा. कड्याचा रंग आणि एखादंच अक्षर वाचता आलं तरी कळवा.